सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काय आहे?

मी काही चित्रपटांची जाणकार नाही. तिकीट काढून थिएटरात जाणं वर्षाकाठी एखाद्या वेळी होतं. बाकी सगळं बघणं घरात, रात्रीची भांडी आवरल्यावर, तेही अर्धं लक्ष ठेवून. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण आमच्या घरात रोज रात्री साडेनऊ वाजता जो प्रश्न पडतो तो तुमच्याही घरात पडत असणार. इशाची नमाज झालेली असते, जेवणं झालेली असतात, झोपायला तास-दीड तास असतो. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो, दिवाणावर बसलेल्या असतात. सातवीतली थोरली आणि तिसरीतला धाकटा रिमोटवरून भांडत असतात. यांना बातम्या हव्या असतात. आणि लावावं तर काय लावावं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

अनेक घरांत यावर एक सोपा उपाय निघाला आहे. ज्याचा त्याचा मोबाइल, ज्याचा त्याचा इअरफोन. भांडण मिटतं, घर शांत होतं. मला मात्र ती शांतता वाईट कार्यक्रमांपेक्षा जास्त खुपते. मूल काय बघतंय ते आपल्याला कळत नाही आणि बघून झाल्यावर त्याला काही विचारावंसं वाटलं, तर शेजारी कुणी नसतं. काही वाचकांच्या घरी टीव्ही ठेवतच नाहीत. त्यांच्या निर्णयाचा मला आदर आहे. पण फोन त्या घरांतही पोहोचलेला आहे, तेव्हा प्रश्न त्यांचाही सुटलेला नाही. आमच्याकडे अजून एकच टीव्ही आहे आणि तो बैठकीच्या खोलीत आहे. हे मी हट्टाने तसंच ठेवलं आहे.

चित्रपट निवडताना पहिला आधार म्हणजे सेन्सॉरचं प्रमाणपत्र. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मधल्या 'यूए'चे 2024 पासून तीन भाग झाले आहेत : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील मुलांसाठी. मोबाइलवरच्या ओटीटीलाही 2021 च्या नियमांनी अशीच वयाची पाटी लावायला सांगितलं आहे. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात ती दिसते. ती वाचायची सवय लावून घ्या, एवढं मी नक्की सांगेन.

पण या पाटीला कळतात त्या गोष्टी ठरावीक. मारामारी किती, शिवीगाळ किती, अंगप्रदर्शन किती. सून चहाचा ट्रे घेऊन येते आणि चार पाहुण्यांत सासू तिच्या माहेरचा उद्धार करते, तिथे वयाची कोणती पाटी लावायची? टीव्हीवरच्या मालिका तर प्रक्षेपणाआधी सेन्सॉरकडे जातही नाहीत. त्या सरळ आपल्या जेवणाच्या ताटासमोर येतात. मला विचाराल तर घरातल्या माणसांच्या बोलण्यावर एखाद्या मारामारीच्या चित्रपटाचा जेवढा परिणाम होतो, त्याहून या टोमण्यांचा जास्त होतो. मुलगा तलवार घेऊन घरात फिरत नाही. 'तुला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य मात्र तो बरोबर त्याच सुरात आजीला ऐकवतो.

मालिका अशा का झाल्या, हे थोडं समजून घेतलं तर राग कमी होतो. दूरदर्शनवर 1984 साली 'हम लोग' सुरू झाली. दारू पिणारा बाप, थकलेली आई, लग्नाची मुलगी, नोकरीच्या शोधातला मुलगा, आणि शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. दीडशेच्या आसपास भाग झाले आणि मालिका संपली. अम्मांना ती अजून आठवते. गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि सगळे तिथे जमायचे. पुढे खासगी वाहिन्या आल्या. 2000 साली सुरू झालेली 'क्यूँकि सास भी कभी बहू थी' अठराशेच्या वर भागांपर्यंत गेली. मराठीत 'चार दिवस सासूचे' तीन हजार भाग ओलांडून गेली. सासूचे चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

याचं कारण जाहिरातीत आहे. मालिका किती लोक बघतात याचे आकडे दर आठवड्याला येतात आणि जाहिरातींचे दर त्यावर ठरतात. म्हणजे लेखकाला गोष्ट पूर्ण करायची नसते, तुम्हाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवायचं असतं. भांडण मिटलं तर गोष्ट संपते, म्हणून भांडण मिटू द्यायचं नाही. दाराआडून कुणीतरी ऐकायचं, अर्धवट ऐकायचं, गैरसमज करून घ्यायचा, आणि ज्या गोष्टीचा उलगडा एका वाक्यात झाला असता ती दोनशे भाग ताणायची. खऱ्या घरात असं कुणी वागलं तर शेजारीण येऊन समजूत घालून जाते. मालिकेतल्या घरांना शेजारीच नसतात, हे तुम्ही पाहिलंय का? इतके मोठे बंगले, पण साखर मागायला कुणी येत नाही.

2014 साली 'जिंदगी' नावाची वाहिनी आली आणि तिच्यावर पाकिस्तानी नाटकं लागू लागली, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी घरांत रात्रीचं वेळापत्रक बदललं. 'जिंदगी गुलजार है' सव्वीस भागांत संपलं होतं. संपलं, म्हणजे खरोखरच संपलं! मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, आणि ती आई शाळेत शिकवून तीन मुलींना वाढवते. कुठे आरडाओरड नाही, आरशासमोर उभं राहून कट रचणं नाही. स्वयंपाकघरात खरा स्वयंपाक चाललेला. तिकडे नाटकं साधारण आठवड्याला एक भाग अशी दाखवतात, म्हणून लेखकाला शेवट आधी ठाऊक असतो आणि तो दिसून येतो. हसीना मोईन यांची ऐंशीच्या दशकातली 'तनहाइयाँ' आणि 'धूप किनारे' ही नाटकं मी नंतर मोबाइलवर शोधून बघितली. त्यातल्या मुली नोकरी करतात, मोठ्यांशी थट्टा करतात, आणि तरी बेअदब वाटत नाहीत. संवादलेखकाला माणसं माहीत असली की हे जमतं.

अर्थात त्या नाटकांना मी डोक्यावर घेत नाही. अलीकडच्या बऱ्याच नाटकांत बाई पहिल्या भागापासून रडायला लागते ती शेवटच्या भागापर्यंत. नवऱ्याने थप्पड मारायची आणि तिने सबर करायचा, मग त्याला पश्चात्ताप झाला की सगळं माफ. थोरली माझ्या शेजारी बसून हे बघते तेव्हा मी गप्प राहत नाही. हा सबर नाही बाळा, हा जुलूम आहे, एवढं तरी तिथल्या तिथे बोलते. तेवढ्यासाठीच तर मला एकत्र बघायचं असतं.

आता ज्याची शिफारस करण्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली त्या चित्रपटाकडे येते. इराणचे दिग्दर्शक माजिद मजीदी यांचा 1997 सालचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन'. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या अंतिम यादीत पोहोचलेला हा पहिला इराणी चित्रपट. पण ते बाजूला ठेवा. गोष्ट एवढीच आहे : तेहरानमधल्या गरीब घरातला अली बहिणीचे बूट शिवून आणायला जातो आणि वाटेत, भाजीच्या दुकानापाशी, ते हरवतात. घरात भाडं थकलेलं, आई आजारी. बापाला सांगितलं तर तो नवे बूट आणणार कुठून? म्हणून बहीण-भाऊ आपसांत ठरवतात की भावाचे बूट दोघांनी वापरायचे. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती सुटली की धावत गल्लीच्या वळणावर यायचं, बूट बदलायचे, मग त्याने धावत सुटायचं. ते मोठे बूट तिच्या पायातून निसटतात आणि एकदा एक बूट गटाराच्या पाण्यात वाहून जाऊ लागतो. आमचा धाकटा त्या वेळी उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला होता, जणू हात घालून तो बूट काढणार.

सगळा चित्रपट दीड तासाचा. खलनायक नाही. उपदेश नाही. तरी त्यातले दोन प्रसंग असे आहेत की शंभर उपदेश त्यापुढे कमी पडतील. बाप घरात बसून मशिदीसाठी साखरेचे खडे फोडतोय. समोर साखरेचा ढीग. मुलगी चहा आणून देते, बाप साखर मागतो. ती म्हणते, इतकी साखर समोर तर आहे. बाप सांगतो, ती मशिदीची, आपल्याकडे अमानत म्हणून आली आहे. बस्स, एवढंच. कॅमेरा पुढे निघून जातो. अमानत या शब्दाचा अर्थ मी मुलांना कितीदा समजावला होता, पण आता आमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला की धाकटाच म्हणतो, 'वो मस्जिद की शक्कर है.'

दुसरा प्रसंग. हरवलेले बूट बहिणीला शाळेतल्या दुसऱ्या एका मुलीच्या पायात दिसतात. दोघं बहीण-भाऊ तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत जातात. दार उघडतं आणि त्या मुलीचा बाप बाहेर येतो. तो आंधळा आहे. दोघं एकमेकांकडे बघतात आणि काही न बोलता परत फिरतात. आमच्याकडे त्या वेळी कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने अम्मा म्हणाल्या, 'हमारे जैसेच लोगां हैं.' त्यांना फारसी कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. थोरली मधूनमधून सांगत होती तेवढंच. तरी त्या एकदाही उठल्या नाहीत.

शेवट सांगत नाही. धावण्याची शर्यत आहे आणि तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस बूट आहेत, एवढंच सांगते. आपल्याकडे प्रियदर्शनने 2010 मध्ये याच गोष्टीवर 'बम बम बोले' काढला. त्यात आसाममधले चहाचे मळे आले, दहशतवाद आला, बरंच काही आलं. बुटांची गोष्ट मात्र त्या गर्दीत हरवली. मूळ चित्रपट मिळत असेल तर तोच बघा.

याच्या जोडीला मराठीतला 'एलिझाबेथ एकादशी' ठेवावा असं मला वाटतं. परेश मोकाशींचा हा 2014 चा चित्रपट पंढरपुरात घडतो. वडील वारलेले, आई स्वेटर विणून घर चालवते, हप्ते थकल्यामुळे यंत्र जप्त होतं. पैसे भरायचे तर वडिलांनी बनवलेली सायकल विकावी लागणार. सायकलचं नाव एलिझाबेथ. मुलं ठरवतात की एकादशीच्या गर्दीत दुकान मांडून पैसे उभे करायचे. आम्ही सोलापूरचे, पंढरपूर आमच्या जिल्ह्यातलंच. त्या बाजारपेठेतली गर्दी, बांगड्यांचे ढीग, एसटी स्टँडवरची धांदल आमच्या ओळखीची. धाकट्याने बूट आणि सायकल यांची लगेच जोडी लावली आणि विचारलं, 'अली आणि ज्ञानेश भेटले तर दोस्त होतील ना?' दोन्ही घरांत पैसा नाही आणि दोन्ही घरांत कुणी हात पसरत नाही, हे त्याला आपोआप कळलेलं दिसलं.

एक गोष्ट मात्र मनात सलते आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थोरलीने मला गेल्या वर्षी विचारलं, 'अम्मी, आपल्यासारखी नावं असलेली माणसं पिक्चरमध्ये एक तर बॉम्ब ठेवतात नाहीतर शायरी करतात. पीठ दळायला कुणीच जात नाही का?' मी हसले, पण तिचं निरीक्षण खोटं नाही. जुन्या काळी 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब' असे चित्रपट यायचे. त्यात लखनौ, नवाब, झुंबरं, आदाब. अम्मांच्या पिढीला ते फार प्रिय. पण आमच्या सोलापुरात नवाब नव्हते, हातमाग होते. त्या पडद्यावरच्या घरात आमचं घर कधी दिसलं नाही. नंतर झुंबरं गेली आणि बंदुका आल्या.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. मराठी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, भाकरी थापणारी मुस्लिम माणसं या राज्यात गावोगाव आहेत. रोजच्या मराठी मालिकेत असं एखादं कुटुंब मध्यभागी ठेवलेलं मला आठवत नाही. असलाच तर नायकाचा एखादा मित्र असतो, ईदला शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतो आणि जातो. त्याचं घर कुठे, आई कोण, बहीण काय शिकते, काही नाही. 2017 मध्ये राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' आला. त्यात मुस्लिम घर होतं, पण विषय तलाकचा. तो विषय मांडू नये असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरात तलाकशिवायही बरंच काही घडतं. दहावीचा निकाल लागतो, पावसात छत गळतं, सोयरिकी जुळतात, बाजाराला जाताना छत्री विसरते.

म्हणूनच नागेश कुकुनूर यांचा 2005 चा 'इक्बाल' मला इतका आवडतो. ऐकू-बोलू न शकणारा खेड्यातला मुलगा, त्याला वेगवान गोलंदाज व्हायचंय. बापाला वाटतं पोराने शेती बघावी. आई गुपचूप मुलाच्या बाजूने. धाकटी बहीण खदिजा हातवारे करून त्याची भाषा जगाला समजावते आणि त्याच्यासाठी कुणाशीही भांडायला तयार. कुटुंब मुस्लिम आहे, ते नावांवरून कळतं, आणि गोष्ट क्रिकेटची आहे. कुणी त्यांना काही सिद्ध करायला लावत नाही. श्रेयस तळपदे, प्रतीक्षा लोणकर, यतीन कार्येकर ही ओळखीची मराठी मंडळी त्या घरात आहेत, त्यामुळे ते घर अधिकच आपलं वाटतं. थोरलीला मी तो मुद्दाम दाखवला. तिला इक्बालपेक्षा खदिजा आवडली.

'सीक्रेट सुपरस्टार' (2017) बद्दल आमच्यात एकमत नाही. बडोद्यातली इन्सिया बुरखा घालून गाणी म्हणते आणि इंटरनेटवर टाकते. बाप मारकुटा. यांना वाटलं, पुन्हा मुस्लिम बापच जालीम दाखवला. मला वाटलं, असे बाप सगळ्या धर्मांत आहेत आणि त्या आईची भूमिका मेहेर विजने इतकी खरी केली आहे की ती बघायलाच हवी. मुलगी स्वतःच्या स्वप्नासाठी लढते हे खरं, पण शेवटी धैर्य दाखवते ती आई. वाद अजून चालू आहे. मारहाणीचे प्रसंग आहेत, तेव्हा फार लहान मुलांना दाखवू नका.

आता 'एर्तुग्रुल'. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, रमजानच्या दिवसांत, ही तुर्की मालिका उर्दूत आली आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या मुलांनी तशा टोप्या मागवल्या. पाच सीझन, एकेक मूळ भाग दोन-दोन तासांचा. बघताना भारावून जायला होतं, घोडे, डोंगर, तंबू, न्यायासाठी लढणारा सरदार. मुलांना आपल्यातला नायक दिसला, हा आनंद मी समजू शकते. पण दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, त्यात माना इतक्या सहज उडतात की तिसरीतल्या मुलाने ते बघू नये. दुसरं, तो इतिहास नाही. खऱ्या एर्तुग्रुलबद्दल इतिहासकारांना फारच थोडी माहिती आहे. उस्मानच्या नाण्यावर बापाचं नाव सापडतं आणि बाकी बरंचसं नंतरच्या काळातल्या कथा. मालिकेतलं प्रेम, कट, दगाबाजी सगळं लेखकांनी रचलेलं. माझा भाचा परीक्षेत ते उत्तर म्हणून लिहून आला होता.

ज्यांना खरोखर इस्लामच्या सुरुवातीच्या काळावर काही बघायचं असेल त्यांनी मुस्तफा अक्काद यांचा 1976 चा 'द मेसेज' बघावा. तो दोनदा चित्रित झाला, इंग्रजीत अँथनी क्विन वगैरे कलाकार घेऊन आणि अरबीत वेगळे कलाकार घेऊन. हजरत पैगंबर (स.) पडद्यावर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही. समोरची माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. अदब राखूनही गोष्ट सांगता येते, हे त्यातून कळतं. मात्र चित्रपट तीन तासांचा आहे, दोन रात्री करा.

लहानग्यांसाठी एकच नाव. मलेशियाचं 'उपिन आणि इपिन' हे कार्टून. 2007 साली रमजानचं महत्त्व मुलांना सांगण्यासाठी म्हणून ते सुरू झालं आणि पुढे चालूच राहिलं. आई-वडील नसलेले जुळे भाऊ आजी आणि मोठ्या बहिणीबरोबर गावात राहतात. रोजा ठेवतात, दुपारी पोटात कावळे ओरडतात, चोरून खायचा मोह होतो. त्यांच्या दोस्तांत चिनी मेई मेई आहे, शीख जरजित आहे, तमिळ राजू आहे. भाषा मलय, पण धाकट्याला ती अडली नाही. शिनचॅनपेक्षा हे कितीतरी बरं. शिनचॅन आईला जे बोलतो ते ऐकून माझा हात वर जातो.

शेवटी अम्मांची निवड. श्याम बेनेगल यांचा 1994 चा 'मम्मो'. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेली मम्मो विधवा झाल्यावर मुंबईत बहिणीकडे येते. व्हिसा थोड्या दिवसांचा. घरात बहीण आणि तिचा किशोरवयीन नातू रियाज. ही बाई अखंड बोलते, सगळ्यांत नाक खुपसते, आणि पोराला ती आधी नकोशी होते, मग तिच्यावाचून करमत नाही. फरीदा जलालने असं काम पुन्हा केलं असेल असं मला वाटत नाही. हसता हसता दारात पोलीस येऊन उभे राहतात.

अम्मांची स्वतःची खाला 1950 च्या सुमारास कराचीला गेली. नंतर दोनदाच भेट झाली. मम्मो बघताना त्या काही बोलल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर थोरलीने विचारलं, 'दादी, तुमच्या खालाचं पत्र आहे का घरात?' अम्मा उठल्या, कपाटातली पत्र्याची पेटी काढली. त्या रात्री बारा वाजेपर्यंत दोघी दिवाणावर पत्रं पसरून बसल्या होत्या. उर्दू थोरलीला येत नाही. अम्मा वाचत होत्या आणि ती वहीत मराठीत उतरवून घेत होती. आत्तापर्यंत सात पत्रं झाली आहेत, अजून अकरा राहिली आहेत.